पेंढ्यातली साखर

बाई,

तुम्ही असतात तर हे सांगायला मी तुमच्याकडे आले नसते. खालूनच तुमची खिडकी बघितली असती, ती उघडी दिसली असती आणि मला अचानक भाजी घ्यायची राहिल्याची आठवण झाली असती. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, म्हणून हे लिहायचं धाडस होतंय. गेलेल्या माणसाशी बोलण्यात एक सोय असते, ते मध्येच थांबवून "कशावरून?" असं विचारत नाही. तुम्ही विचाराल अशी मात्र मला अजूनही धास्ती वाटते. मुलुंडच्या शाळेत तुम्ही आम्हाला शास्त्र शिकवायचात, आणि मी शास्त्रात बरी नि बोलण्यात आगाऊ होते. आठवीत वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले तेव्हाची गोष्ट. विषय प्रदूषण. शेवटी मी टेबलावर मूठ आपटून म्हणाले होते की येणारी पिढी आपल्याला क्षमा करणार नाही. टाळ्यांनी हॉल दणाणला. तुम्ही मला शिक्षकांच्या खोलीच्या दारात अडवलंत. "छान बोललीस. आता त्यातलं तुला स्वतःला माहीत असलेलं एक वाक्य सांग." मला एकही वाक्य सापडेना. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला औषधाच्या दुकानातून आणलेली आयोडीनची बाटली दिलीत, ड्रॉपरसकट. म्हणालात, "चषकातून काही कळत नाही. यातून कळेल."

त्या दिवशीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, हे आधी सांगून टाकते. कौतुकाच्या जागी बाटली देणारी बाई! पण आज मी चिडलेय ती तुमच्यावर नाही. किंवा तुमच्यावरही आहे. सगळ्यांवरच आहे.

मी काय करते ते तुम्हाला माहीत नाही. पोटासाठी कॉलेजात शिकवत होते, ते संपलं. आता कांजूरमार्गला एका गाळ्यात भाताच्या पेंढ्याची साखर काढते. हसू नका. हे ऐकून लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "चहात घालता येते का?" दुसरा, "मग मुंग्या लागत असतील ना?" शिकलेली, पुस्तकं वाचणारी माणसं हेच विचारतात! मी प्रत्येक सभेत घसा फोडून सांगते की अरे बाबांनो, पेंढा म्हणजे साखरच आहे. साखरेचे कण एकमेकांचा हात धरून लांबच लांब साखळीत उभे आहेत, आणि साखळ्या लाकडासारख्या चिवट लुकणाने बांधलेल्या आहेत, एवढंच. गाईला ती गाठ सोडवता येते, आपल्याला येत नाही. आपण ती उकळत्या सौम्य आम्लात आणि वाफेत सैल करायची, मग विकरांकडून, म्हणजे एन्झाइमांकडून, साखळ्या तोडून घ्यायच्या. जो पाक निघतो त्यावर यीस्ट वाढतं, त्याचा जनावरांना सकस खुराक होतो. जो काळा चोथा उरतो तो बंद पिंपात, हवा न लावता भाजायचा. त्याचा कोळसा होतो. तो जाळायचा नाही, शेतात गाडायचा, म्हणजे तो वर्षानुवर्षं मातीत ओल धरून ठेवतो. जे शेतात उभं आडवं जाळून टाकतात, त्याची गोडीही मिळते आणि काळंही मातीला परत जातं. यात न कळण्यासारखं काय आहे?

पण नाही. एका कार्यालयात गेले तर साहेब म्हणाले, "मॅडम, पेंढा म्हणजे कचरा. तुम्ही घनकचऱ्याकडे जा." घनकचऱ्यातला म्हणाला, "पेंढा शेतमाल आहे हो, आमच्याकडे कसा येईल?" तिसऱ्याने फाइल उलटसुलट केली आणि विचारलं, "तुम्ही भाजता ना? मग इंधन झालं." मी म्हटलं, "भाजते, पण जाळत नाही." तो म्हणाला, "म्हणजे तुमचं तुम्हालाच नक्की नाही." शेजारच्या सोसायटीने धुराची तक्रार केली. आमच्या पिंपातून धूर येत नाही, येणारा वायू त्याच भट्टीत जळतो. मी त्यांच्या अध्यक्षांना हाताला धरून गाळ्यात नेलं, दाखवलं. ते म्हणाले, "धूर नाही हे बरोबर, पण वास येतो." कांजूरला, बाई! अख्ख्या शहराचा कचरा जिथे येऊन पडतो तिथे त्यांना माझ्या पेंढ्याचा वास येतो!

गाळ्यात माझ्याबरोबर एक मालवणी काका आहेत. गिरणीच्या बॉयलरवर हयात गेली, गिरणी गेली तरी हातातली वाफ गेली नाही. पेंढा शिजवायचं भांडं आणि कोळशाची पिंपं त्यांच्या ताब्यात. मी बोलायला लागले की ते कानावरची टोपी खाली ओढतात. एकदा मी पाहुण्यांना समजावत असताना मध्येच ओरडले, "गो बाय, तुझा भाषाण आयकान पेंढो शिजणा नाय. बाजूक हो, माका वाफ सोडूची आसा." पाहुणे हसले. मी नाही हसले. मला वाटतं तुमची आणि त्यांची गाठ पडायला हवी होती. दोघांनी मिळून मला गप्प केलं असतं.

पेंढा येतो मुरबाडच्या पलीकडच्या एका गावातून. पूर्वी तो आरेच्या तबेल्यांकडे जायचा, आता तिथली मागणी आटली आणि तो शेतातच पेटायला लागला. मी तिथल्या बचत गटापुढे शाळेच्या ओट्यावर उभी राहून बोलले. काय बोलले होते! समोर बायका पोरांना मांडीवर घेऊन बसल्यात, मागे पुरुष भिंतीला टेकलेत, आणि मी सांगतेय की पेंढा जाळणं म्हणजे दारात आलेली लक्ष्मी पेटवून देणं. गटाची प्रमुख एक साठीची मावशी आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, राब नाय भाजला तर रोप कसं होल?" तुम्ही मुंबईच्या, तुम्हाला सांगते: भाताचं रोप लावायची जी जागा, ती पावसाआधी पालापाचोळा, शेण, पेंढा पसरून भाजतात. त्याला राब म्हणतात. त्याने तण मरतं, माती भुसभुशीत होते. मी म्हटलं, "मावशी, मी तुम्हाला कोळसा परत देते. तो टाकून बघा. एका वाफ्यात राब, एका वाफ्यात कोळसा." तिने दोन्ही वाफे केले. कोळशाच्या वाफ्यातलं रोप पोपटी, जाड बुडख्याचं आलं, तण मात्र जास्त झालं. ती दोन्ही गोष्टी तशाच्या तशा मला सांगते, तण काढून दुखलेल्या पाठीसकट. आणि मग गटातल्या सगळ्या घरांना सांगते, "ह्या वर्सी पेंडा जाळायचा नाय, ताईला द्यायचा." तिचं ऐकतात. तिच्या शब्दाला तिथे वजन आहे, आणि ते तिने भाषणं करून मिळवलेलं नाही.

तो पेंढा आला, आम्ही तो कुट्टी यंत्रात बारीक केला, काकांनी शिजवला. पाक तपासायला माझ्या जुन्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाठवला. ग्लुकोजचा आकडा पुस्तकात असतो त्यापेक्षा चांगला आला. पहिल्याच टप्प्यात, विकरं घालायच्याही आधी. या टप्प्याला एवढं ग्लुकोज यायलाच नको, हे मला माहीत होतं. मी शिकवलेलं आहे हे! आधी दुसऱ्याच साखरा सुटतात, ग्लुकोज मागून येतं. पण आकडा इतका देखणा होता की मी म्हटलं, पुस्तकं जुनी झाली. आमचा वाण वेगळा, काकांची वाफ वेगळी. घाटकोपरला बोलले, बोरिवलीला बोलले, अंधेरीच्या एका महिला मंडळात तर बायकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. कोणीतरी मला "साखरबाई" म्हणायला लागलं आणि ते मला आवडलं. एका विश्वस्त संस्थेकडे कांजूरलाच जुनं गोदाम रिकामं पडलंय. त्यांनी कळवलं की तुमचा आकडा खरा असेल तर गोदाम तुम्हाला वापरायला देतो, आमच्या सभेत येऊन मांडा. आमच्या गाळ्यात वर्षातले चार महिने काम होतं, पेंढा ठेवायलाच जागा नाही. गोदाम मिळालं तर एका गावाऐवजी दहा गावांचा पेंढा घेता येईल. सगळं त्या आकड्यावर टांगलेलं.

सभेच्या आधीच्या आठवड्यात गावाचा पेंढा संपत आला म्हणून आम्ही दुसरीकडून, मशीनने मळणी केलेला पेंढा आणला. तेच भांडं, तेच आम्ल, तेच काका. ग्लुकोज पार तळाला. मी काकांवर घसरले. दाब कमी ठेवलात, वेळ कमी दिलात, झाकण सैल होतं. त्यांनी शांतपणे हात पुसले. "वाफ खोटा बोलणा नाय. माणूस बोलता." आणि मग, "तू पेंढो बघितलंस?" मी पेंढा बघितला नव्हता, बाई. मी आकडा बघितला होता. कोपऱ्यात गावाकडच्या दोन पेंढ्या बांधलेल्या तशाच होत्या. मी एक उचलली, तळव्यात चोळली, आणि माझ्या हातात भात आला. अक्षता वाटाव्या तसे टरफलासकट दाणे. पुन्हा चोळली, पुन्हा आले. त्या पेंढीच्या टोकाला चांगल्या भरलेल्या लोंब्या होत्या, आणि आम्ही त्या कुट्टी यंत्रात घालून त्यांचं पीठ केलं होतं. त्या पिठाची साखर झाली होती. पेंढ्याची नव्हे, भाताची! भात शिजवून साखर करायला वैज्ञानिक लागत नाही, आपल्या तोंडातली लाळही ते करते.

तरीही खात्री करायची म्हणून कुट्टीची चिमूट पाण्यात उकळली आणि आयोडीन घेऊन उभी राहिले. हातात ड्रॉपर, आणि तुमचं स्वयंपाकघर आठवलं. तुमच्या ओट्याच्या कडेला निळ्या रंगाची पट्टी होती, खिडकीत ओव्याचं रोप. मी तेरा वर्षांची आहे, तुम्ही दिलेली बाटली घेऊन जगातल्या सगळ्या पदार्थांवर थेंब टाकत सुटलेय. तुमच्या भय्याचं दूध तापतंय. मला शंका की त्यात पीठ मिसळलंय. मी उकळत्या दुधात थेंब टाकते, रंग येत नाही, आणि मी गॅलरीत जाऊन मजल्यावरच्या सगळ्यांना जाहीर करते, "दूध शुद्ध आहे!" तुम्ही मला ओरडू देता. मग म्हणता, "झालं? आता ये. गरम असताना निळा रंग येतच नाही. थंड होऊ दे." आपण पंख्याखाली वाटी धरून बसतो. दूध थंड होतं, मी थेंब टाकते, आणि वाटीत शाई सांडल्यासारखं होतं. मी पुन्हा गॅलरीकडे धावते. तुम्ही माझी वेणी धरता. खरंच धरलीत, दुखलं होतं. "आता कुठे निघालीस?" संध्याकाळी भय्या आला तेव्हा तुम्ही त्याला आत बोलावलंत, स्टुलावर बसवलंत, काळा चहा दिलात आणि वाटी त्याच्यापुढे ठेवून त्याच्याच हाताने थेंब टाकायला लावला. तो घाबरून म्हणाला, "बाई, मैं तो तबेले से लाता हूँ, मेरे को क्या मालूम." तुम्ही म्हणालात, "तुम्हाला माहीत नसेल हेच मला वाटलं. म्हणून बोलावलं." शेजारच्यांना तुम्ही काही बोलला नाहीत. मला तेव्हा तो भ्याडपणा वाटला. आपण वर्तमानपत्रात पत्र लिहायला हवं होतं, असं मी तुम्हाला सुनावलंही.

तर कांजूरला मी पाणी थंड होऊ दिलं. एवढं तरी तुमचं ऐकलं. मग थेंब टाकला आणि निळं-काळं झालं. काकांनी वाकून बघितलं. "रविवारी काय सांगतलंस?" मी म्हटलं, "खरं सांगणार." आणि मला माझाच अभिमान वाटला.

रविवारी मुलुंडच्या हॉलमध्ये सभा होती. मावशी आणि गटातल्या चार बायका जीप करून आल्या होत्या. मीच बोलावलं होतं, आकडा सुंदर होता तेव्हा. पहिल्या रांगेत बसल्या, ठेवणीतली लुगडी नेसून. त्यांना मी आधी काही सांगितलं नाही. फोन करायला हवा होता, आठवडाभर वेळ होता, मी केला नाही. मला सभेत सांगायचं होतं. मी माइक घेतला आणि बोलले. बाई, काय सांगू, मी फार चांगलं बोलले. म्हणाले की विज्ञानात हार कबूल करणं हाच जय असतो. म्हणाले की मी तुम्हाला चुकीचा आकडा सांगत फिरले आणि आज तो परत घेते. हॉलमध्ये एकदम शांतता. संस्थेच्या अध्यक्षांनी पुढे झुकून विचारलं, "पण मॅडम, मग साखर आली कुठून?" आणि मी, त्या शांततेच्या तोऱ्यात, म्हणाले, "गावाकडून आलेल्या पेंढ्याची झोडणी नीट झाली नव्हती. त्यात दाणे राहून गेले होते."

अध्यक्ष हसले. चांगला माणूस आहे, वाईट हेतू नव्हता. म्हणाले, "म्हणजे भेसळ आमच्या मावशींनी केली म्हणायची!" सगळा हॉल हसला. तणाव सुटल्यावर हसतात तसं. मीही हसले. मग टाळ्या. माझ्या प्रामाणिकपणाला. एका बाईंनी पुढे येऊन माझे दोन्ही हात धरले आणि त्यांचे डोळे भरून आले. विकरांनंतर पुस्तकाप्रमाणे जेवढी साखर येते तेवढी पुरे, म्हणून गोदाम तिथल्या तिथे मंजूर झालं. खोट्या आकड्यावर जे मिळणार होतं ते खऱ्या आकड्यावर मिळालं, आणि वर माझी वाहवा झाली. पहिल्या रांगेत पाच बायका मांडीवर पिशव्या घेऊन सरळ बसलेल्या होत्या.

चहाच्या टेबलाशी मी मावशीपाशी गेले. बटाटेवड्याची बशी पुढे केली. तिने घेतली नाही.

"ताई, आमची झोडणी नीट असते हां," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

मी म्हटलं, "हो हो मावशी, ते आपलं मी बोलण्याच्या ओघात—"

"नाय, आयका. घरच्या ढोराला पेंडा घालायचा तं चार हात मारायचं दगडावर, एक दाणा राहत नाय. पण दुसऱ्याच्या दारात पेंडा पाठवायचा तं शेवटचा हात मारायचा नाय. लोंबी ठेवायची. रिकामा पेंडा कुनाच्या घरी धाडत नाय आमच्यात. माझ्या सासूनं शिकवलं, मी सुनंला शिकवलं."

"पण मावशी, ते जनावरासाठी. हे यंत्र आहे."

तिच्या मागची एक तरुण बाई फिसकन हसली. "ते काय आमाला कलत नव्हतं होय? यंतर दाना खात नाय. पन दार तं तुमचंच ना!"

मावशी हसली नाही. "तुमाला नको हुता तं सांगायचं. आमी रिकामा दिला असता. भेसल नाय करत आमी, ताई." एवढं बोलून तिने पदर खांद्यावर घेतला. "चला गं, जीपवाला खोळंबलाय." चहा पाचही जणींनी घेतला नाही.

काल तिचा फोन आला. माझा नंबर सुनेने लावून दिला असावा, कारण आधी सुनेचाच आवाज होता. मावशीने माझ्या तब्येतीची विचारपूस केली, काकांना नमस्कार सांगितला. मग म्हणाली की गटाची बैठक झाली. यंदाचा पेंढा ते राबाला घालणार. मी विचारलं, का. "दाना ठेवला तं भेसल होते. रिकामा धाडायचा तं आमच्या बायांना बरा नाय वाटत. त्यापरीस जाळू." मी सांगितलं की कोळशाच्या वाफ्यातलं रोप आठवा, त्या मातीने ओल कशी धरली ते आठवा, दहा गावांचं गोदाम मिळालंय. मी चांगलं पाच मिनिटं बोलले. पलीकडे ती "हां, हां" म्हणत होती. मग म्हणाली, "ताई, तुमी बोलता ते बराच असतं." आणि फोन ठेवला.

काकांना सांगितलं तेव्हा ते पिंपाचं झाकण घासत होते. "मग? गेलंस काय तिच्याकडे?" मी म्हटलं, जाणारच आहे, आधी काय बोलायचं ते ठरवते. त्यांनी झाकण खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला तिथून उठावं लागलं.

चीड कसली आहे ते आता तरी कळलं का तुम्हाला? गोदाम आहे, भांडं आहे, वाफ आहे, विज्ञान बिनतोड आहे, आणि पेंढा जळणार. माझ्या एका वाक्यामुळे. खोटं वाक्यही नव्हे ते! दाणे राहिले होते हे खरंच. आयोडीनने दाखवलं, तळव्यात आले, कोणीही येऊन बघावं. तुम्ही आम्हाला पुरावा शिकवलात, मोजायला शिकवलंत, थंड होईपर्यंत थांबायला शिकवलंत. वाटी भय्याच्या पुढे ठेवायची हे मात्र शिकवलं नाहीत, नुसतंच केलंत, आणि मी त्या वेळी तुमच्याकडे बघत नव्हते, गॅलरीकडे बघत होते. असं कसं चालेल? जे सगळ्यात महत्त्वाचं ते तुम्ही फळ्यावर लिहायला नको होतं का? दोनदा रेघ मारून?

आता जे लिहायला बसले ते लिहिते. वर पानंच्या पानं भरली ती हे लांबवण्यासाठी.

गावात ट्रक भरत होते त्या दिवशी मी जीपला टेकून उभी होते. मावशी पेंढ्या वर फेकत होती. घामाने चिंब. तिने मान वळवून मला सांगितलं, "ताई, दाना ठेवलाय हां पेंड्यात. तुमच्या दारात चाललाय म्हणून." तिने मला सांगितलं होतं, बाई. स्वच्छ, ऐकू येईल असं, कुट्टी करायच्याही आधी. आणि मी ऐकलं होतं. मी पर्समधून वही काढली आणि ते वाक्य तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं, कारण ते मला सुंदर वाटलं. भाषणाच्या शेवटी शोभेल असं वाटलं. आज वही उघडून बघितली, तारखेसकट आहे तिथे. त्याखाली मी दोन रेघा मारल्यात. ती मला माहिती देत होती हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

हॉलमध्ये मी ते विसरले होते असं सांगता आलं असतं. विसरले नव्हते. अध्यक्ष हसले तेव्हाच मला ते आठवलं होतं, माइक हातातच होता.

हे तुम्हाला पाठवायचा प्रश्न नाही, आणि हे मावशीला वाचूनही दाखवणार नाही. फार चांगलं लिहिलं गेलंय. परवा मी मुरबाडची गाडी धरणार आहे. तिच्या ओट्यावर, त्या चौघींसमोर, मला एवढंच म्हणायचं आहे की तुम्ही मला सांगितलं होतं. सकाळपासून मी ते आरशासमोर म्हणून बघतेय आणि दर वेळी त्याच्या पुढे आणखी एक वाक्य जोडते आहे.